१४ एप्रिल १९४४: गोदीतली पहिली ठिणगी नेमकी कुठली?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. मुंबई गोदीतल्या स्फोटाबद्दल हा धागा काढायचं गेली दोन-तीन वर्षं मनात आहे. दरवेळी लिहायला बसलो की आजोबा आठवतात आणि राहून जातं.

१४ एप्रिलला ठाण्यातल्या कोपरीत जयंतीचे ढोल वाजायला लागले की आजोबा खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे. मिरवणूक समोर आली की उठून बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडायचे. मग चारच्या सुमाराला एकदम गप्प व्हायचे. पुढ्यातला चहा निवून जायचा. आईने आम्हा पोरांना बजावून ठेवलं होतं, आज आजोबांना काही विचारायचं नाही. ते मूळचे राजापूरकडचे. गोदीत एका टोळीत मालाची चढउतार करायचे. १९४४ साली जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्या शुक्रवारी ते प्रिन्सेस डॉकमध्ये कामावर होते, व्हिक्टोरिया डॉकच्या अगदी शेजारी. ते वाचले. टोळीतले चौघे गेले.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'फोर्ट स्टिकीन' ही ७,१४२ टनी मालवाहू बोट २४ फेब्रुवारी १९४४ला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघाली. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा: पाणतीर, सुरुंग, तोफगोळे. त्यातला २३८ टन माल तर अतिसंवेदनशील वर्गातला. बरोबर स्पिटफायर विमानं आणि ३१ पेट्या सोनं. कराचीत विमानं उतरवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या गाठी, वंगणतेलाची पिंपं, लाकूड, भंगार लोखंड असं मिळेल ते भरलं. १२ एप्रिलला बोट मुंबईला व्हिक्टोरिया डॉकला लागली. १४ तारखेला दुपारी २च्या सुमाराला दोन नंबरच्या फाळक्यात आग असल्याचं लक्षात आलं. फाळका हा आजोबांचा शब्द, बोटीच्या पोटातल्या मालाच्या खणासाठी. तब्बल ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं, पण धुरामुळे आगीचं मूळ कुठे आहे तेच सापडेना. ३:५०ला बोट सोडून द्यायचा हुकूम निघाला. ४:०६ला पहिला स्फोट झाला, बोटीचे दोन तुकडे झाले, १२ किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट, पहिल्यापेक्षा मोठा. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर दोन्हींची नोंद झाली. मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा वेगवेगळा सांगतात.

आता मुद्द्यावर येतो. आग लागली कशी? कुणी म्हणतं जपानी हस्तकांनी घातपात केला. कुणी म्हणतं तेल सांडलेला कापूस आपोआप तापून पेटला. आणि सगळ्यात जास्त लोक म्हणतात, कुणा गोदी कामगाराने बिडीचं थोटूक टाकलं.

साधारण २५ वर्षांपूर्वी आमच्याच घरच्या एका लग्नात, पंगतीत, आजोबांच्या शेजारी एक निवृत्त साहेब बसले होते. आजोबा गोदीत होते हे कळल्यावर म्हणाले, "म्हणजे तुमच्याच लोकांनी बिड्या फुंकून मुंबई जाळली की." आजोबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठले. बाहेर मांडवाच्या खांबाशी जाऊन उभे राहिले. मी पाणी घेऊन गेलो, तेव्हा चौदा वर्षांचा होतो. तांब्या हातात घेतला, प्यायले नाहीत. एवढंच म्हणाले, "बघितलं कुणी?"

तोच प्रश्न मी इथे विचारतोय. ज्यांचं वाचन आहे, ज्यांच्या घरी कुणी गोदीत, बंबावर, बोटीवर होतं, त्यांनी लिहावं. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहा, चालेल.

---

चरईची_लेक

कोपरीकर, वाचताना हात थरथरला. माझ्या आईचे वडील बंबावर होते. त्या दिवशी त्यांची पाळी नव्हती. पहिल्या स्फोटाचा आवाज ऐकून चप्पल न घालता धावत गेले असं आजी सांगायची. तीन दिवसांनी घरी आले तेव्हा भुवया जळालेल्या होत्या आणि बोलता येत नव्हतं. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आज देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. शाळेतून मुलांना बंब दाखवायला नेतात, पण हे कुणी सांगत नाही.

कारणाबद्दल मला काही ठाऊक नाही. वाचत राहीन.

---

पाचपाखाडी_इतिहास

चांगला धागा. मी घातपाताच्या बाजूने लिहितो, कारण ती शक्यता लोक फार पटकन उडवून लावतात.

तो दिवस कोणता होता ते बघा. १४ एप्रिल १९४४. त्याच दिवशी मणिपूरमध्ये मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. इंफाळ-कोहिमाला जपानी फौजा भिडलेल्या. त्या आघाडीच्या रसदीला मुंबई बंदर महत्त्वाचं. इकडे ४२च्या चळवळीला दोन वर्षंही झाली नव्हती, साताऱ्याकडे पत्री सरकार जोरात होतं. अशा वेळी दारूगोळ्याची बोट भर बंदरात उडते, आणि आपण म्हणायचं योगायोग?

दुसरं, सरकारचं वागणं. इथल्या वर्तमानपत्रांना बातमी छापायला बंदी. जगाला पहिली खबर दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, १५ तारखेला. आपल्या सरकारने परवानगी दिली ती थेट मे महिन्यात. ज्यांनी चित्रीकरण केलं त्यांची फिल्मही जप्त केली. लपवण्यासारखं काही नव्हतं तर एवढी झाकपाक कशाला?

---

न्हावाशेवा_दर्यावर्दी

मी १९ वर्षं बोटींवर होतो, आता उरणजवळ एका कंटेनर यार्डात धोकादायक मालाचं काम बघतो.

पाचपाखाडी, झाकपाकीबद्दल तुमचं बरोबर आहे, पण युद्धकाळात असं मोठं बंदर निकामी झालं हे शत्रूला कळू नये एवढं कारण त्याला पुरेसं आहे. अपघात असता तरीही त्यांनी हेच केलं असतं. त्यामुळे बातमी दाबली म्हणजे घातपात होता, हे जुळत नाही.

आता घातपात करणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. बोटीत दारूगोळा आहे हे त्याला ठाऊक आहे असं धरू. तो आग दारूगोळ्याशी लावेल की कापसात? कापसाची आग धुमसते. दोन तास, चार तास, कधी कधी दोन दिवस. एवढ्या वेळात सहसा आग विझवली जाते, बोट बाहेर ओढून नेली जाते, निदान आजूबाजूच्या बोटी आणि माणसं तरी हलवली जातात. इथे यातलं काहीच झालं नाही. जे झालं नाही त्याच्या भरवशावर कुणी कट रचत नसतं.

---

पाचपाखाडी_इतिहास

गाठीत वेळ लावलेलं उपकरण लपवलं असेल तर? कापूस कराचीत भरला. कराचीतच कुणी हात मारला असेल.

---

न्हावाशेवा_दर्यावर्दी

असेल की. पण मग ती गाठ कुठल्या फाळक्यात, कशाच्या खाली जाणार हे त्याला ठरवता आलं पाहिजे. ते ठरवतात बोटीवरचे अधिकारी. आणि खरं सांगू का, ज्याने कापूस दारूगोळ्याच्या खाली रचायला लावला, त्याने कुठल्याही हस्तकाला जमलं नसतं ते काम करून ठेवलं होतं. यावर सविस्तर लिहितो, रात्री वेळ मिळाला की.

---

ऐरोलीतला_वऱ्हाडी

माझं बालपण अकोटात गेलं, मामाची जिनिंग होती. कापसाच्या आगीबद्दल मला वाचून नाही, नाकाने माहीत आहे, म्हणून लिहितो.

कपाशी जिनात गेली की सरकी वेगळी, रुई वेगळी. कपाशीबरोबर कधी एखादा खडा येतो, कधी तारेचा तुकडा. तो आत लोखंडावर घासला की ठिणगी उडते. बहुतेक वेळा तिथेच रुई भुर्रकन पेटते आणि सगळे धावतात. पण कधी कधी ती ठिणगी पेटत नाही, नुसती रुईत शिरते. तशीच प्रेसला जाते, तिच्यावर रुई दाबली जाते, पट्ट्या मारल्या जातात, गाठ तयार. वरून पांढरीशुभ्र. आत एवढा वाटाण्याएवढा लाल ठिपका जिवंत राहतो. रुईच्या धाग्यांत अडकलेल्या हवेवर तो जगतो आणि हळूहळू आतून खात जातो.

मामांकडे एक म्हातारे दिवाणजी होते. आग लागून गेली की त्या दिवशी बांधलेल्या सगळ्या गाठी ते बाहेर अंगणात एकमेकींपासून लांब लांब मांडायला लावायचे आणि चार-पाच दिवस रोज सकाळी प्रत्येक गाठीला तळहात लावून बघायचे. मी एकदा त्यांच्या मागे मागे होतो. एका गाठीपाशी ते थांबले, वाकले, वास घेतला. मलाही म्हणाले, घे. जुन्या वहीचं पान कोपऱ्यावर जळतं ना, तसा अगदी बारीक वास. पट्ट्या तोडल्या, रुई उलगडली. आत हाताच्या पंजाएवढं काळं भोक आणि हवा लागताच त्याच्या कडेने लाल रेघ धावली. चौथा दिवस होता तो. मी लहान होतो, दोन पावलं मागे सरलो ते अजून आठवतं.

तेव्हा फोर्ट स्टिकीनवरच्या हजारो गाठींपैकी एखादी अशी आग पोटात घेऊनच कराचीत चढली असेल, तर बोटीवर कुणी बिडी ओढायची गरज नाही, सांडलेल्या तेलाची नाही आणि जपान्याचीही नाही. या शक्यतेबद्दल कुणी बोलताना मी ऐकलं नाही.

---

नौपाडा_वाचक

ऐरोलीतला_वऱ्हाडी, प्रतिसाद फार आवडला. वाचनखूण साठवली.

---

रबाळे_निवृत्त

ठाणे-बेलापूर पट्ट्यात रंगाच्या कारखान्यात माझी नोकरी झाली. नाव सांगत नाही, पण 'आपोआप पेटणं' म्हणजे काय ते तिथे पाहिलं.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या पुसायच्या चिंध्या आम्ही झाकणाच्या पिंपात पाणी घालून ठेवायचो. एकदा शनिवारी कुणीतरी त्या कोरड्याच कोपऱ्यात ढीग करून ठेवल्या. रविवारी रात्री पहारेकऱ्याला वास आला. ढीग उलटला तर मधल्या चिंध्या तपकिरी होऊन धुपत होत्या. काडी नाही, विजेची तार नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. तेल डब्यात असलं तर काही होत नाही. ते धाग्यांवर पसरलं की हवेला पृष्ठभाग भरपूर मिळतो, आणि ढिगाच्या मध्यातली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. तापमान चढत चढत पेट घेतं.

आता जहाजाबद्दल. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो की कराचीची तेलाची पिंपं गळली, कापूस भिजला आणि पेटला. धाग्याच्या निमित्ताने पुन्हा विचार केला आणि माझंच मत मला मागे घ्यावं लागतंय. वंगणतेल हे खनिज तेल. ते वाळत नाही, म्हणून आपोआप तापतही नाही. जवस, टर्पेंटाइन, काही प्रमाणात सरकीचं तेल, माशाचं तेल, हे तापतात. नुसतं वंगणतेल सांडलं तर कापूस जास्त जोरात जळेल, पण पेटवायला दुसरं काही लागेल. तेव्हा 'तेल आणि कापूस, झालं' असं म्हणणाऱ्यांनी आधी कुठलं तेल ते सांगावं.

---

कोपरीकर

रबाळेकाका, इतकी वर्षं धरलेलं मत असं सरळ मागे घेतलंत, मनापासून आभार. वऱ्हाडी, तुमच्या दिवाणजींची गोष्ट आज आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवली असती.

---

वर्तकनगर_७२

धागा भावनिक होतोय म्हणून थोडं कडू लिहितो. कोपरीकर, राग मानू नका.

थोटकाची शक्यता साहेबांनी केलेली नुसती बदनामी म्हणून बाजूला सारता येणार नाही. वेळा बघा. आग लक्षात आली २ वाजता, पण शेजारच्या बोटींवरच्या लोकांनी त्याच्या बऱ्याच आधी, जेवणाच्या सुट्टीच्या आसपास, दोन नंबरच्या हवेच्या नळकांड्यातून धूर येताना पाहिल्याच्या साक्षी आहेत. थोटूक कापसात पडलं की लगेच ज्वाळा येत नाहीत, तास-दीड तास धुमसतं. सकाळच्या पाळीत कुणी टाकलं असेल तर वेळ बरोबर जुळते. बंदी असते म्हणून कुणी ओढत नाही असं गोदीत काय आणि कारखान्यात काय, कुठेच नसतं. माझे वडील गिरणीत होते, मला माहीत आहे.

आणि बिडीच कशाला, साहेबाची सिगारेटही असू शकते. बोटीवर खलाशी होते, अधिकारी होते, सैनिक होते. पण माणसाच्या हातून पडलेली ठिणगी ही सगळ्यात साधी शक्यता आहे.

---

कोपरीकर

राग कशाला मानू. वेळ जुळते हे मान्य. बंदी असून ओढणारे असतात हेही मान्य. आजोबा स्वतः तंबाखू खायचे, बिडी ओढायचे नाहीत, पण टोळीत ओढणारे होतेच.

माझं म्हणणं एवढंच, वेळ जुळते म्हणजे ते तसंच घडलं असं नाही. वऱ्हाडींची गाठही त्याच वेळेत बसते. तुम्ही आता लिहिलंत तसं 'सिगारेटही असू शकते' हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. तिथे वावरणारे सगळ्या प्रकारचे लोक होते, मग ८० वर्षं संशयाचं बोट फक्त टोळीवाल्याकडेच का? त्यातले कित्येक तिथेच गेले. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी उरलं नाही.

---

न्हावाशेवा_दर्यावर्दी

कबूल केल्याप्रमाणे लिहितो. लांब होईल.

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, आग कशी लागली. दोन, आगीचा स्फोट कसा झाला. पहिल्याचं उत्तर फाळक्याबरोबर उडून गेलं. दुसऱ्याचं उत्तर मात्र सरकारी चौकशीनेच दिलेलं आहे आणि ते अगदी स्पष्ट आहे.

चौकशीत आगीची जागा बहुधा कापसाच्या गाठीत होती असं ठरलं, आणि पुढच्या चुका नोंदवल्या गेल्या. कापूस दारूगोळ्याच्या खाली रचला होता. बोटीवर धोकादायक माल असल्याचं सांगणारं लाल निशाण लावलेलं नव्हतं. दारूगोळा उतरवायला उशीर केला. आग कळल्यावर फाळक्यात वाफ सोडायची सोय वापरली नाही. अग्निशमन दलाला कळवायलाही उशीर झाला.

यातल्या वाफेच्या मुद्द्यावर थांबतो, कारण त्यात माझा धंदा आहे. फाळक्याचं झाकण बंद करून आत वाफ सोडली की हवा बाहेर ढकलली जाते आणि कापसाची आग गुदमरते. विझेलच असं नाही, पण वाढणं थांबतं, वेळ मिळतो. त्यांनी झाकण उघडं ठेवून पाणी मारलं. आता कापसाची दाबलेली गाठ पाणी सहज आत घेत नाही, वऱ्हाडी सांगतील. आणि ती तरंगते. फाळक्यात पाणी चढलं की जळती गाठ पाण्याबरोबर वर उचलली जाणार. वर काय होतं? दारूगोळा. म्हणजे जीव तोडून ओतलेल्या प्रत्येक टनाने आग बॉम्बच्या जवळ नेली. पाणी उकळत होतं, बोटीच्या पत्र्यावरच्या रंगाला फोड येत होते, आणि धक्क्यावर बोट बाहेर न्यावी की जागीच बुडवावी यावर साहेबांचं एकमत होत नव्हतं.

मात्र वाफ हा रामबाण उपाय नाही हेही सांगायला हवं. तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ला अमेरिकेत टेक्सस सिटीला ग्रँडकँप नावाच्या बोटीवर आग लागली. पोटात अमोनियम नायट्रेट. तिथल्या कप्तानाने माल भिजू नये म्हणून झाकणं लावून वाफ सोडली. बोट उडाली, तिथल्या अग्निशमन दलातले एक सोडून सगळे गेले. कारण अमोनियम नायट्रेटच्या पोटातच प्राणवायू असतो, त्याला बाहेरची हवा लागत नाही, उलट वाफेने ते तापलं. मुंबईत वाफ हवी होती तिथे पाणी दिलं, तिकडे पाणी हवं होतं तिथे वाफ. म्हणून आज आम्ही यार्डात पेटी आली की आधी कागद बघतो. आत काय आहे हे कळल्याशिवाय आगीला हात लावायचा नाही. भिजलेला कापूस आणि तेलकट कापूस आज आंतरराष्ट्रीय नियमांत आपोआप तापणाऱ्या मालात धरतात, आणि स्फोटकांपासून तो कुठे, किती लांब रचायचा हे लिहून दिलेलं असतं.

त्या दिवशी धक्क्यावर गेलेल्या जवानांना मात्र लाल निशाण दिसलं नाही.

---

चरईची_लेक

शेवटचं वाक्य वाचून थांबले. आजोबा बोलायला लागल्यावर म्हणाले होते, "पोरं कापसाची आग म्हणून गेली." लहानपणी याचा अर्थच कळला नव्हता मला.

---

ऐरोलीतला_वऱ्हाडी

दर्यावर्दी म्हणतात ते खरं आहे. पेटलेल्या गाठीवर वरून पाणी मारून काही होत नाही, वरचे दोन इंच भिजतात. गाठ बाहेर ओढून फोडायची आणि मग भिजवायची, हा एकच उपाय. आजची गाठ १७० किलोची असते. धुराने भरलेल्या खोल खड्ड्यात, वर दारूगोळा असताना ती बाहेर कोण काढणार? ही लढाई फाळका भरला तेव्हाच हरलेली होती.

---

उरणकरीण

आम्ही उरणजवळच्या मोऱ्याचे कोळी. माझी पणजी सांगायची, त्या दिवशी बायका मोऱ्याच्या बंदरावर मासळी सुकवत होत्या. आवाज आला तेव्हा आधी जमीन हलली, मग आवाज. समोर मुंबईवर पांढरा ढग वर वर चढला आणि मग काळा झाला. दर्या पेटला असं वाटलं सगळ्यांना. घरचे पुरुष होड्या घेऊन पाण्यात होते. रात्रभर बायका बंदरावर बसून होत्या, कुणी चूल पेटवली नाही. मुंबईची बाजू रात्रभर लाल दिसत होती. पणजोबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. त्यांच्या होडीच्या शिडाला भोकं पडली होती, जळता कापूस वरून पडला म्हणाले. ते शीड ठिगळं लावून पुढे बरीच वर्षं वापरलं.

कारण काय ते आमच्याकडे कुणी बोलत नव्हतं. जपान्यांनी बॉम्ब टाकला असंच गावात सगळे समजत होते. खरं काय ते सांगायला कुणी आलंच नाही.

---

घोडबंदर_राहुल

सोन्याचं काय झालं? त्या ३१ पेट्या सापडल्या का सगळ्या? एक वीट म्हणे छप्पर फोडून एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली.

---

कोपरीकर

राहुल, विटेची गोष्ट खरी आहे आणि पुढे गाळ काढतानाही विटा सापडत राहिल्या. पण सोन्यासाठी वेगळा धागा काढा ही विनंती. प्रत्येक ठिकाणी हा विषय निघाला की चार प्रतिसादांत सोन्यावर जातो, आणि माणसं मागे पडतात. ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती, आजोबा त्यात होते. सुमारे पाच लाख टन. 'जलपद्मा' नावाची बोट उडून धक्क्यावरच्या शेडवर जाऊन पडली होती, तिच्या सावलीत ते भाकरी खायचे.

---

पाचपाखाडी_इतिहास

उरणकरीण ताईंचा प्रतिसाद वाचून मी माझ्या मुद्द्याबद्दल पुन्हा विचार केला. घातपाताचा पुरावा माझ्याकडे नाही. मोइरांगची तारीख जुळते एवढंच, आणि कोपरीकर म्हणतात तसं, जुळणं म्हणजे घडणं नव्हे. हा निकष मी बिडीला लावणार असेन तर घातपातालाही लावला पाहिजे.

पण लोकांना घातपात का वाटला याचं उत्तर मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईच्या आभाळातून जळता कापूस पडतोय आणि सरकार महिनाभर तोंड उघडत नाही. तेव्हा माणसं स्वतःच उत्तर तयार करतात. मोऱ्याला जपानी बॉम्ब, आमच्याकडे हस्तक, साहेबांकडे बिडी. ज्याला ज्याची भीती किंवा ज्याचा राग, ते.

---

वर्तकनगर_७२

माझं मत अजून तेच आहे, माणसाच्या हातची ठिणगी. पण एक दुरुस्ती करतो. गेली कित्येक वर्षं मी हे सांगताना 'कामगाराची बिडी' असंच म्हणत आलोय. त्या शब्दाला माझ्याकडे काही आधार नाही. यापुढे म्हणणार नाही.

---

रबाळे_निवृत्त

सगळ्या शक्यतांपैकी मला आता वऱ्हाडींची गाठ सगळ्यात पटते. तिला बाहेरचं काहीच लागत नाही, वेळही पुरेसा मिळतो आणि कुणाच्या लक्षात येण्याची शक्यता सगळ्यात कमी. पण पटणं वेगळं. कारखान्यात आग लागली की आम्ही अहवालात 'संभाव्य कारण' असं लिहायचो, आणि खाली 'काय केल्याने पसरली' यासाठी दोन पानं ठेवायचो. पुढच्या माणसाच्या उपयोगी ती दोन पानंच यायची.

---

कोपरीकर

सगळ्यांचे आभार. दर्यावर्दींचा प्रतिसाद मी छापून वडिलांना दिला. त्यांचं वय आता ७४ आहे. चष्मा लावून दोनदा वाचला. चौकशीतल्या चुका वाचताना प्रत्येक ओळीवर बोट ठेवत होते, कापूस खाली, निशाण नाही, उतरवायला उशीर. मग म्हणाले, यातलं टोळीवाल्याच्या हातात काय होतं? माल कुठे रचायचा ते मुकादम सांगतो, मुकादमाला साहेब सांगतो. निशाण लावायचं काम टोळीचं नाही. बंब बोलवायचं नाही. एकही नाही.

हे सगळं कागदावर सापडलेलं आहे आणि आमच्या घरात ८० वर्षांत कुणाला माहीत नव्हतं. जे कुणी पाहिलं नाही ते मात्र लग्नाच्या पंगतीत ऐकवलं गेलं. पहिली ठिणगी कुठली ते मला आजही सांगता येणार नाही. बिडीची असेलही. पण यापुढे कुणी विचारलं तर मी आधी कापूस कुठे रचला होता ते सांगणार आहे.

---

चरईची_लेक

कोपरीकर, १४ एप्रिलला भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात स्मारकाला मानवंदना असते. मी दरवर्षी आईला घेऊन जाते. या वेळी तुमच्या वडिलांना घेऊन या ना. जवानांचं स्मारक आहे, पण टोळीवाल्यांसाठीही आपण तिथेच उभं राहू. गर्दीचा त्रास होणार नाही, आम्ही सकाळी लवकर निघतो.

---

उरणकरीण

मीही येते. मोऱ्याहून पहिल्या लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरेन, तिथून भायखळा जवळच.

---

कोपरीकर

वडील हो म्हणाले. ताई, धीमी लोकल धरू, त्यांना बसायला जागा मिळेल. कोपरी बाजूच्या तिकीट खिडकीपाशी सकाळी सव्वासहाला थांबतो. त्यांच्या हातात निळी कापडी पिशवी असेल, आजोबांचा गोदीचा फोटो त्यात घेतलाय त्यांनी.